सिमोन सिन्योरे : ऑस्करनंतरची पंचवीस वर्षे

तिसरी घंटा

सिमोन सिन्योरे या फ्रेंच अभिनेत्रीविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक वेळा 1960 या वर्षापाशी येऊन थांबते. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिला ऑस्कर मिळाले, आणि त्याच वर्षी तिचा नवरा ईव्ह मोंताँ व मॅरिलिन मन्रो यांच्या प्रकरणाने जगभरच्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्यानंतर ती आणखी पंचवीस वर्षे जगली आणि शेवटपर्यंत काम करत राहिली, पण त्या काळाबद्दल 'पुढे ती लवकर म्हातारी झाली' एवढे एकच वाक्य लिहून लोक मोकळे होतात. माझे मत नेमके उलटे आहे. तिचे सर्वांत मोठे काम ऑस्करनंतरचे, त्यातही 1969 ते 1977 या आठ वर्षांतले आहे, आणि ते तिला करता आले याची मुळे तिच्या तरुणपणात शोधावी लागतात. (पुढे काही चित्रपटांची कथानके उघड होतील. ज्यांना ती नको असतील त्यांनी आधी चित्रपट पाहावेत.)

सिमोनचा जन्म 25 मार्च 1921 रोजी जर्मनीतल्या व्हीसबाडेन या गावी झाला. वडील आंद्रे कामिंकेर पोलिश-ज्यू वंशाचे. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईन प्रांतात ठाण मांडून बसलेल्या फ्रेंच सैन्यात ते होते, म्हणून जन्म तिकडचा. पुढे ते आंतरराष्ट्रीय परिषदांमधले नावाजलेले दुभाषे झाले. ती वाढली पॅरिसला लागून असलेल्या नय्यी या सुखवस्तू उपनगरात. 1940 मध्ये फ्रान्स पडला, वडील लंडनला जनरल द गोल यांच्याकडे निघून गेले, आणि आई व दोन धाकटे भाऊ यांचा भार जेमतेम वीस वर्षांच्या या मुलीवर आला.

तिला नोकरी मिळाली ती 'ले नुव्हो ताँ' या वर्तमानपत्रात, टंकलेखिका आणि चिटणीस म्हणून. हे पत्र जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या झाँ ल्युशेर याचे होते. त्याची मुलगी कोरीन ही नटी होती आणि सिमोनच्या शाळेतली होती, त्या ओळखीतून हे काम मिळाले. म्हणजे बाप लंडनमध्ये द गोलच्या गोटात आणि अर्धी ज्यू असलेली मुलगी पॅरिसमध्ये नाझीधार्जिण्या संपादकाच्या कचेरीत, अशी ती परिस्थिती. ल्युशेरला युद्धानंतर, 1946 साली, देशद्रोहाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. सिमोनने ही नोकरी पुढे कधीही लपवली नाही. आत्मचरित्रात तिने तिच्याबद्दल सविस्तर आणि स्वतःला फारशी सवलत न देता लिहिले आहे.

1941 मध्ये ती नोकरी सोडून सँ-जेरमँ भागातल्या कॅफे द फ्लोरमध्ये जमणाऱ्या कवी, चित्रकार आणि नाटकवाल्यांच्या घोळक्यात सामील झाली. तिथेच तिने सिनेमात जायचे ठरवले. पण नव्या कायद्यानुसार सिनेमात भूमिका करायला परवाना लागे आणि परवान्यासाठी आपण ज्यू नसल्याचा पुरावा द्यावा लागे. ती कामिंकेर होती. तिने आईचे माहेरचे आडनाव, सिन्योरे, लावले आणि परवान्याशिवाय जी कामे मिळत ती, म्हणजे गर्दीतली, मुकी, एक्स्ट्राची कामे केली. मार्सेल कार्नेच्या 'ले व्हिझितर द्यु स्वार' (1942) या चित्रपटाच्या दरबारी गर्दीत ती आहे, पण शोधावी लागते.

मला तिच्या अभिनयाचे बीज इथे दिसते. पडद्यावर असायचे, पण कोणाच्या नजरेत भरायचे नाही. समोरच्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज घेत स्वतःच्या चेहऱ्यावर काहीही उमटू द्यायचे नाही, हे ती जगण्याची गरज म्हणून शिकली. पुढे तिच्या भूमिकांमध्ये बोलण्यापेक्षा पाहणे नेहमी जास्त महत्त्वाचे ठरले.

युद्ध संपल्यावरची चढण मी थोडक्यात उरकतो. दिग्दर्शक ईव्ह आलेग्रे याच्याशी तिचा संसार, 1946 मध्ये मुलगी कातरीनचा जन्म, त्याच्याच 'देदे दाँव्हेर' (1948) मधली बंदरावरची वेश्या, माक्स ओफ्यूल्सच्या 'ला राँद' (1950) मधली पुन्हा वेश्याच. ऑगस्ट 1949 मध्ये साँ-पोल-द-व्हाँस इथल्या 'ला कोलोंब दोर' या खानावळीच्या अंगणात तिची आणि गायक ईव्ह मोंताँची भेट झाली. तिने आलेग्रेचे घर सोडले आणि 1951 च्या डिसेंबरात त्याच गावात दोघांचे लग्न झाले. मग झाक बेकेरचा 'कास्क दोर' (1952), क्लूझोचा 'ले दिआबोलिक' (1955), आणि अखेर इंग्लंडमध्ये जॅक क्लेटनने केलेला 'रूम ॲट द टॉप'. मूळ कादंबरीतली ॲलिस इंग्रज आहे. सिन्योरेसाठी तिला फ्रेंच करण्यात आले. उत्तर इंग्लंडच्या गिरणगावात नकोशा नवऱ्याबरोबर अडकलेली, वयाने लहान आणि महत्त्वाकांक्षी पुरुषावर जीव लावणारी ही बाई करताना सिमोन सदतीस वर्षांची होती. या एका भूमिकेसाठी कान महोत्सवाचे, ब्रिटिश अकादमीचे आणि ऑस्कर अशी तिन्ही पारितोषिके तिला मिळाली.

इथून पुढे हॉलिवूडचे दार उघडे होते. ती तिथे राहिली नाही, अधूनमधून गेली. स्टॅन्ली क्रेमरच्या 'शिप ऑफ फूल्स' (1965) मधल्या अफूच्या आहारी गेलेल्या काउंटेससाठी तिला दुसरे ऑस्कर नामांकन मिळाले. तोवर तिचा चेहरा बदलू लागला होता. अंग सुटले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, आवाज सिगारेटने खरखरीत झाला. चाळिशीच्या मध्यावरच ती साठीची दिसू लागली, आणि तिने ते झाकले नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला त्या चित्रपटाकडे येतो. झाँ-पिएर मेल्व्हिलचा 'लार्मे दे झाँब्र' 1969 मध्ये आला. जोझेफ केसेलच्या 1943 मधल्या पुस्तकावर आधारलेली ही फ्रेंच प्रतिकार चळवळीची गोष्ट आहे. सिन्योरे यात मातील्द आहे. घरच्यांना पत्ता नसताना भूमिगत गटाची सगळी कामे आखणारी, वेशांतरात पटाईत अशी गृहिणी. लियोंच्या तुरुंगातून छळ सोसून मरणपंथाला लागलेल्या सहकाऱ्याला सोडवायला ती जर्मन परिचारिकेच्या वेशात रुग्णवाहिका घेऊन जाते. कागदपत्रे बिनचूक आहेत, साथीदार जर्मन सैनिकांच्या गणवेशात आहेत, फाटके एकामागून एक उघडतात. आत डॉक्टर कैद्याला तपासतो आणि सांगतो की हा माणूस हलवण्याच्या अवस्थेत नाही. बस्स. सुटका होणार नाही. त्या क्षणी मातील्दला दुःख दाखवता येत नाही, चीड दाखवता येत नाही, घाईसुद्धा करता येत नाही. जर्मन परिचारिकेला जेवढा फरक पडेल तेवढाच तिच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. सिन्योरे तेवढाच पाडते. तरीही पाहणाऱ्याला आत काय कोसळले ते पूर्ण कळते. हे कसे साधते हे मी अनेकदा पाहूनही मला उलगडलेले नाही. 1941 च्या त्या कचेरीत बसलेली मुलगी मात्र मला तिथे दिसते.

आणि शेवट. मातील्दची एकच चूक, पाकिटात ठेवलेला मुलीचा फोटो. ती पकडली जाते, जर्मन मुलीवरून धमकावतात, तिला सोडतात, आणि तिचे सहकारीच तिला रस्त्यात गोळ्या घालतात. मोटार जवळ येते तेव्हा ती त्यांना ओळखते आणि थबकते. त्या नजरेत भय आहे, की संमती, की नुसते आश्चर्य, यावर वाद घालता येईल. तो इथे व्हावा अशी इच्छा आहे.

रेल्वेफाटक

लेख उत्तम आहे, पण मूळ प्रतिपादन मला मान्य नाही. 'कास्क दोर' एका वाक्यात उरकणे हा अन्याय आहे. ऑस्करनंतरचे काम मोठे ठरवण्यासाठी आधीचे लहान करण्याची काही गरज नव्हती.

बेकेरच्या या चित्रपटातली मारी ही गेल्या शतकाच्या आरंभीच्या पॅरिसमधल्या गुंडांच्या टोळीत वावरणारी, सोनेरी केसांचा मुकुट बांधणारी बाई आहे, आणि तिला अमेली एली या खऱ्या स्त्रीच्या आयुष्याचा आधार आहे. नदीकाठच्या नाचाच्या अड्ड्यावर ती एका पुरुषाच्या मिठीत गिरक्या घेत असते आणि दर गिरकीला तिची नजर दूर बसलेल्या सुतारावर, मांदावर, जाते. त्या दृश्यात तिला संवाद जवळजवळ नाहीतच. तुम्ही म्हणता ते 'बोलण्यापेक्षा पाहणे' इथे 1952 मध्येच पूर्णत्वाला पोचलेले आहे, आणि त्यात जो आनंद आहे, स्वतःच्या देहाविषयीचा जो निर्धास्तपणा आहे, तो नंतरच्या करड्या चित्रपटांत कुठे आहे? शेवटी मांदाला गिलोटिनखाली नेतात तेव्हा ती समोरच्या इमारतीतल्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून ते पाहते. पाते पडते, आणि तिचे डोके खाली झुकते. बेकेर याहून जास्त काही दाखवत नाही.

फ्रान्समध्ये हा चित्रपट आला तेव्हा पडला आणि इंग्लंडमध्ये त्याचे कौतुक झाले, ब्रिटिश अकादमीचे पहिले पारितोषिक तिला यासाठीच मिळाले, हेही नोंदवायला हवे होते. इंग्लंडने तिला फ्रान्सच्या आधी ओळखले. 'रूम ॲट द टॉप' आकाशातून पडला नाही.

मंद्रसप्तक

वरील दोघांनीही तिचे राजकारण बाजूला ठेवले आहे. सिन्योरेच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण तिच्या भूमिकांची निवड त्यावरच ठरत होती.

ती आणि मोंताँ कम्युनिस्ट पक्षाचे सभासद कधीच नव्हते, पण 1950 नंतरची पाचसहा वर्षे ते पक्षाच्या इतके जवळ होते की फरक करणे कठीण व्हावे. आर्थर मिलरचे सेलमच्या चेटकिणींवरचे नाटक त्यांनी 1954 च्या अखेरीस पॅरिसच्या रंगभूमीवर केले, ते अमेरिकेतल्या मॅकार्थी काळावरचे, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चाललेल्या छळावरचे, भाष्य म्हणूनच. त्याचा सिनेमा झाला तेव्हा पटकथा सार्त्रने लिहिली आणि चित्रीकरण पूर्व जर्मनीत झाले. अमेरिकेचा व्हिसा अर्थातच मिळत नव्हता.

मग 1956 उजाडले. मोंताँचा सोव्हिएत रशियाचा दौरा ठरलेला होता आणि नोव्हेंबरमध्ये रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. पॅरिसमध्ये उजवे म्हणत, गेलात तर तुम्ही खुनी. डावे म्हणत, गेला नाहीत तर गद्दार. ते गेले. मॉस्कोत ख्रुश्चॉव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान अशी सगळी मंडळी एका टेबलावर जेवायला असताना या दोघांनी त्यांना हंगेरीबद्दल तोंडावर प्रश्न विचारले, हे खरे. पण ती जेवणाची खोली होती. जाहीर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले आणि छायाचित्रे जगभर छापून आली. खाजगीत विचारलेल्या प्रश्नांचे मोल किती धरायचे? या बाबतीत मी तिला माफ करायला तयार नाही. आत्मचरित्रात सगळे प्रांजळपणे सांगितले म्हणून त्या वेळचे वागणे बदलत नाही.

तिसरी घंटा

रेल्वेफाटक, 'कास्क दोर'चे तुम्ही केलेले वर्णन वाचून तो पुन्हा पाहावासा वाटला. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मारी पाहते तेव्हा तिला काय हवे आहे ते सगळ्यांना दिसते, मांदाला, गुंडांना, आपल्यालाही. मातील्दला काय वाटते ते कोणालाही दिसता कामा नये आणि तरी आपल्याला कळले पाहिजे. हे दुसरे काम अवघड आहे आणि ते करायला सुंदर चेहऱ्याची अडचणच झाली असती. सुंदर चेहऱ्याकडे तुरुंगाच्या पहारेकऱ्याने दोनदा पाहिले असते.

मंद्रसप्तक यांस : आपला मुद्दा मी टाळणार नाही. 1956 चा दौरा मलाही खटकतो. पण हिशेब मांडायचाच तर पुढची पानेही उलटावी लागतील. सप्टेंबर 1960 मध्ये अल्जीरियाच्या युद्धात लढायला नकार देणाऱ्या तरुणांच्या बाजूने 121 जणांचे जाहीर पत्रक निघाले, त्यावर तिची सही आहे. ऑस्कर मिळून सहा महिनेही झाले नव्हते आणि सही करणाऱ्यांना सरकारी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची दारे बंद करण्यात आली. त्यानंतर 1970 चा 'लाव्हू'. कोस्ता-गाव्हरासचा हा चित्रपट 1952 मध्ये प्रागला कम्युनिस्ट नेत्यांवरच चालवलेल्या बनावट खटल्यातून वाचलेल्या आर्तुर लंडन यांच्या आठवणींवर आहे. मोंताँ लंडन झाला आणि सिमोन त्यांची पत्नी लीझ, जी रेडिओवर नवऱ्याचा कबुलीजबाब ऐकून पक्षावर विश्वास ठेवते आणि नवऱ्याला दोषी मानते. ही भूमिका करणे म्हणजे 1950 च्या दशकातल्या स्वतःच्या श्रद्धेवर कॅमेरा लावणे होते, आणि तिने लीझला मूर्ख किंवा खलनायिका न करता ती केली. फ्रेंच कम्युनिस्टांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. पुढे 1982 मध्ये, पोलंडमध्ये लष्करी कायदा असताना, तब्येत ढासळलेली असूनही ती तत्त्वज्ञ मिशेल फूको आणि डॉक्टर बेर्नार कुश्नेर यांच्याबरोबर औषधांच्या मदतीच्या ताफ्यातून वॉर्साला गेली. त्या वेळी कोणाच्याही पंगतीला बसायला गेली नव्हती.

वाळवणाचे दिवस

मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचे आहे. सिन्योरेविषयी लिहिताना 'तिने म्हातारपण झाकले नाही' हे वाक्य नेहमी धैर्याची पावती म्हणून येते आणि धागाकर्त्यानेही ते जवळजवळ तसेच लिहिले आहे. ती भरपूर प्यायची आणि सिगारेटींचा तर हिशेबच नव्हता. त्यात 1960 नंतरचे घरातले दुःखही होते. शरीर वेळेआधी थकले ते यामुळे. याला कलात्मक निर्णय म्हणणे मला थोडे क्रूर वाटते. आपल्याकडे पुरुष नटाचे पोट सुटले तर कोणी त्याला धैर्य म्हणत नाही, आणि नटीचे सुटले की एक तर तिला आईच्या भूमिका मिळतात किंवा तिच्यावर असे गौरवपर लेख येतात.

मात्र तिने त्या चेहऱ्याचे काय केले याबद्दल वाद नाही. 'ल शा' (1971) हा माझा आवडता. सिमेनोंच्या कादंबरीवरचा पिएर ग्रानिए-दफेरचा हा चित्रपट म्हणजे एका घरात दोन माणसे, नवरा-बायको, एकमेकांशी बोलणे टाकलेली. बाहेर पॅरिसच्या पश्चिमेला ला देफाँसच्या टोलेजंग इमारती उभ्या करण्यासाठी जुनी घरे पाडली जात आहेत. त्यातले एक यांचे. नवरा सारी माया मांजरावर करतो. बायको एके काळी सर्कशीत झोपाळ्यावरची कसरतपटू होती, पडून पाय अधू झाला. तिला मांजराचा मत्सर वाटतो. झाँ गाबँ तेव्हा 66 वर्षांचा आणि सिन्योरे 50 ची, पण दोघे एका वयाची वाटतात. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दोघांनाही अभिनयाचे पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले, एकाला देऊन दुसऱ्याला वगळणे अशक्य होते. ती बाटली कपाटातून काढते, ओतते, परत ठेवते, हे ज्या सराईतपणे करते ते बघवत नाही. ते ठाऊक असलेल्या माणसाचे हात आहेत.

गाबँ तिच्याकडे पाहतच नाही, आणि तिचे सगळे आयुष्य त्याने एकदा पाहावे यासाठी चालले आहे. तुम्ही म्हणता ते पाहण्याचे कसब इथे न पाहिले जाण्याच्या यातनेत बदलते. माझ्या मते 'लार्मे दे झाँब्र'पेक्षा हे काम वरचढ आहे.

दुसरा कप्पा

एक छोटी पुरवणी. ऑस्करविषयी काही ठिकाणी 'पहिली फ्रेंच अभिनेत्री' असे सापडते. पॅरिसलगत जन्मलेल्या क्लोदेत कोल्बेर यांना ते 1935 च्या समारंभात मिळाले होते, पण त्या अमेरिकेतच वाढलेल्या आणि अमेरिकन नागरिक होत्या. सिन्योरेचे वेगळेपण असे की अमेरिकेबाहेर तयार झालेल्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली. त्या वर्षी समोर कॅथरीन हेपबर्न, एलिझाबेथ टेलर, ऑड्री हेपबर्न आणि डोरिस डे होत्या. फ्रेंच अभिनेत्रीला हे पारितोषिक पुन्हा मिळायला 2008 साल उजाडावे लागले, मारियों कोतियारच्या रूपाने.

आणखी एक. प्रसिद्ध अमेरिकन गायिका नीना सिमोन यांनी आपल्या रंगमंचीय नावातले 'सिमोन' हिच्यावरून घेतले.

पेठेतला वाचक

अभिनयाविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण तिच्या लेखनाचा उल्लेख कोणीच विस्ताराने केला नाही, म्हणून लिहितो.

1976 मध्ये तिचे आत्मचरित्र निघाले आणि फ्रान्समध्ये प्रचंड खपले. सुरुवात ध्वनिमुद्रित मुलाखतींपासून झाली होती. त्यांचे उतरवलेले शब्द वाचल्यावर ते आपले वाटेनात म्हणून तिने सगळे स्वतः नव्याने लिहून काढले. पुढे हे पुस्तक तिने लिहिलेच नाही असा जाहीर आरोप झाला तेव्हा ती न्यायालयात गेली आणि जिंकली. नट्यांच्या आत्मचरित्रांवर असा संशय घेणे किती सहज होते आणि आजही आहे, याचा हा नमुना.

मॅरिलिन मन्रो प्रकरणासाठी ज्यांना ते वाचायचे आहे त्यांची निराशा होईल, आणि मला तीच त्या पुस्तकातली मोठी गोष्ट वाटते. 1960 च्या आरंभी बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या आवारात सिन्योरे-मोंताँ आणि मॅरिलिन-आर्थर मिलर ही जोडपी शेजारी शेजारी राहत होती. सिमोनने लिहिले आहे ते मॅरिलिनच्या स्वयंपाकघरात दोघींनी केस रंगवून घेतल्याबद्दल. रंगवायला येणारी म्हातारी बाई एके काळी जीन हार्लो या जुन्या तारकेचे केस रंगवत असे आणि तिच्या तोंडून जुन्या हॉलिवूडच्या गोष्टी ऐकत या दोघी बसत. नवऱ्याच्या प्रकरणाविषयी ती तपशिलात जात नाही. एका छायाचित्रासाठी मॅरिलिनने उसना दिलेला रेशमी स्कार्फ आपण पुढेही वापरत राहिलो, आणि आपण तिचा किती द्वेष केला नाही हे तिला कधी कळलेच नाही, असे ती नोंदवते. जगभर 'फसवली गेलेली बायको' म्हणून जिचे फोटो छापले गेले तिने सोळा वर्षांनी दुसऱ्या बाईबद्दल हे लिहावे!

दुसरे पुस्तक म्हणजे 'आदिय व्होलोद्या' ही जाडजूड कादंबरी, जानेवारी 1985 मधली, म्हणजे मृत्यूच्या वर्षातली. पोलंड आणि युक्रेनमधून पॅरिसच्या विसाव्या विभागात येऊन स्थायिक झालेली ज्यू कुटुंबे, त्यांची शिवणकामाची, कातड्याची कामे, शेजारपाजार, 1920 च्या दशकापासून युद्धाच्या अखेरीपर्यंत. कामिंकेर हे नाव परवान्यासाठी बाजूला ठेवलेल्या मुलीने चाळीस वर्षांनी त्या नावाची माणसे कागदावर बोलावली, असे मी ही कादंबरी वाचताना समजून चाललो. तिची स्वतःची नय्यीतली सुखवस्तू वाढ या गल्ल्यांपासून दूर होती, म्हणून हे आठवणींचे पुस्तक नव्हे, अभ्यास करून लिहिलेले आहे. मधला भाग रेंगाळतो. धंद्याचे तपशील मात्र फार जिवंत आहेत.

नवखा प्रेक्षक

मी तिचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. 'ले दिआबोलिक'बद्दल खूप ऐकले आहे. वरच्या कोणीही त्याची गोष्ट सांगितली नाही, ते मुद्दाम का?

तिसरी घंटा

मुद्दामच. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर विनंती येते की आपण पाहिले ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका, आणि निदान ती पाळायला हवी. एवढे सांगतो की एका मोडकळीला आलेल्या निवासी शाळेत मुख्याध्यापकाची बायको आणि त्याची ठेवलेली बाई मिळून त्याचा काटा काढायचे ठरवतात. सिन्योरे ही दुसरी. आखूड केस, काळा चष्मा, बिनचूक, कोरडी. या चित्रपटाची कादंबरी हिचकॉकलाही हवी होती, क्लूझोने आधी हक्क घेतले. सुरुवात इथून करा. पण तिला पाहायचे असेल तर एकदा पाहून भागणार नाही. दुसऱ्यांदा पाहताना, शेवट ठाऊक असताना, ती प्रत्येक प्रसंगात कोणाकडे बघते आहे एवढ्यावरच लक्ष ठेवा.

वाळवणाचे दिवस यांस : दारू आणि सिगारेट यांबद्दल आपण म्हणता ते रास्त आहे. मी त्याला निर्णय म्हणत नाही. निर्णय होता तो काम घेण्याचा. त्या चेहऱ्यासाठी लिहिलेल्या भूमिका तिने स्वीकारल्या, प्रकाशयोजना सौम्य करा असा हट्ट धरला नाही, आणि पात्रिस शेरोसारख्या तेव्हा सिनेमात नवख्या असलेल्या दिग्दर्शकाबरोबर 'ला शेर द लॉर्किदे' (1975) आणि 'ज्युदित तेरपोव्ह' (1978) असे दोन चित्रपट केले. दुसऱ्यात ती बुडत चाललेले स्थानिक वर्तमानपत्र वाचवायला निघालेली, प्रतिकार चळवळीतली जुनी कार्यकर्ती आहे. हा फारसा चालला नाही, पण मातील्द जगली असती तर तिचे काय झाले असते, याचे एक उत्तर त्यात मिळते.

मंद्रसप्तक

पोलंडची आठवण करून दिलीत ते बरे केले, मत मात्र बदललेले नाही. 1956 मध्ये बोलायला हवे होते ते 1970 मध्ये बोलली. मधली चौदा वर्षे उरतातच. 'लाव्हू'मधली तिची लीझ मला तिच्या सर्व भूमिकांत सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. रेडिओ ऐकतानाच्या दृश्यात ती कसलाही आक्रोश करत नाही, उठून पुढचे काम करायला लागते.

आता मातील्दच्या शेवटच्या नजरेबद्दल, कारण तो प्रश्न तुम्ही विचारला होता. मी फिल्म सोसायटीच्या खेळात तो चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा नंतरच्या चर्चेत बहुतेकांचे मत 'संमती' असे पडले, कारण त्याआधी गटाचा प्रमुख तसे तर्कशास्त्र मांडतो : तिला मरणच हवे आहे, म्हणून ती फिरते आहे. पण ते तर्कशास्त्र मारणाऱ्यांच्या सोयीचे आहे. तो बोलतो तेव्हा ऐकणारे त्यावर विश्वास ठेवू पाहतात, एवढेच चित्रपट दाखवतो. सिन्योरेच्या चेहऱ्यावर मला संमती कुठेही दिसत नाही. तिला ओळख पटते, आणि त्या पुढे जायला वेळ मिळत नाही.

रेल्वेफाटक

मंद्रसप्तक यांच्याशी याबाबतीत पूर्ण सहमत. तो तर्क केसेलच्या पुस्तकातही माणसे स्वतःला पटवण्यासाठी करतात असेच वाटते.

'मादाम रोझा'चा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचे नवल वाटते. 1977 चा मोशे मिझराहीचा चित्रपट, 'ला व्ही दव्हाँ स्वा' या मूळ फ्रेंच नावाचा. बेलव्हिलमधल्या सहाव्या मजल्यावर वेश्यांची मुले सांभाळणारी, ऑशविट्झमधून वाचलेली म्हातारी ज्यू बाई आणि तिच्याकडे वाढलेला अरब मुलगा मोमो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर आणि तिला सेझार हे फ्रेंच चित्रपट पारितोषिक मिळाले. धागाकर्त्याच्या मांडणीत तो 1977 म्हणून शेवटच्या टोकाला आहे, पण त्यावर एक ओळही नाही.

तिसरी घंटा

नाही, कारण तो चित्रपट मला पुरता आवडत नाही आणि त्यातले तिचे काम मात्र आवडते, आणि हे दोन्ही एकत्र कसे मांडावे ते सुचत नव्हते. मिझराही ज्या गोष्टीला हात लावतो ती जरा गोड करतो. अरब मुलगा आणि ज्यू म्हातारी यांची माया इतकी सरळ पुढे येते की मूळ कादंबरीतला तिरकस विनोद बराच विरून जातो. पुष्कळ प्रसंगांत प्रेक्षकाला कधी रडायचे ते आधीच सांगितलेले असते.

पण तळघराचा प्रसंग पाहा. मादाम रोझाने इमारतीच्या तळघरात एक लपायची जागा करून ठेवली आहे. युद्ध संपून तीस वर्षे झाली तरी रात्री दचकून उठली की ती तिथे जाऊन बसते. मुलगा तिला तिथे गाठतो आणि विचारतो, ही जागा कशासाठी. सिन्योरे हे दुःख म्हणून करत नाही. आपली चोरी सापडल्यासारखी ती थोडी ओशाळते आणि थोडी गुरकावते, जसे एखादी बाई खाण्याचे लपवलेले पदार्थ कोणी पाहिले तर करील. भीती ही तिची खाजगी मालमत्ता आहे आणि पोराने त्यात नाक खुपसू नये असा तो भाव. तेव्हा ती 56 वर्षांची होती आणि 67 वर्षांच्या बाईचे, जिने चढता न येणारे शरीर करत होती.

यानंतरच्या कामांत काही दूरचित्रवाणीवरची आहेत, आणि 1982 चा 'लेत्वाल द्यु नोर' हा ग्रानिए-दफेरबरोबरचा आणखी एक सिमेनों. शेवटच्या कामाच्या वेळी तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. 30 सप्टेंबर 1985 रोजी नॉर्मंडीतल्या ओतय इथल्या घरी कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. 'लेत्वाल द्यु नोर' कोणी पाहिला असेल तर त्यावर जरूर लिहावे. बेल्जियममधल्या खानावळीची मालकीण आणि तिच्याकडे उतरलेला खुनी यांच्यातले जे नाते तिने आणि फिलीप न्वारेने उभे केले आहे, ते 'ल शा'च्या शेजारी ठेवून बोलण्याजोगे आहे.